परक्या देशात, परक्या घरात पहिले आठ-दहा दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या वर्षी सप्टेंबरात आम्ही दोघं परभणीहून निघालो ते संक्रांतीच्या तोंडावर परत आलो. आधी जॉर्जिया, मग आर्मेनिया, मग उझबेकिस्तान. या चार महिन्यांत हॉटेलात फार थोड्या रात्री काढल्या, बाकीच्या सगळ्या तिथल्या माणसांच्या घरी. आल्यापासून शाळेतल्या जुन्या सहकारी, भिशीतल्या बायका, यांच्या भजनी मंडळातली माणसं, नांदेड-लातूरचे सोयरे, सगळे तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच नीट लिहून काढते. पुढं सगळं अंगवळणी पडतं, अवघड असतात ते पहिले आठ-दहा दिवस. ते आम्ही जॉर्जियात काढले, म्हणून इथं बोलणं बहुतेक तिथलंच आहे.

ना नातं ना गोतं, मग ते लोक आपल्याला घरात ठेवून कसे घेतात?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकावा लागतो, आणि आपल्याच माणसांनी तो विचारावा याचं नवल वाटतं. गंगाखेडहून, नरसीहून पंढरीला दिंडी निघाली की वाटेतल्या गावांत ओसरी, मारुतीचं देऊळ, शाळेची खोली उघडली जाते. दिंडीतल्या माणसाला कुणी आडनाव विचारत नाही. भाकरीची टोपली येते, पिठलं येतं. तिकडंही तीच भावना आहे. जॉर्जियन भाषेत म्हणच आहे, ‘स्टुमारी घ्वतिसाआ’, पाहुणा देवाचा असतो.

पण भावनेवर विसंबून निघू नका, त्याला रीतसर वाटा आहेत. ‘सर्वास’ ही संस्था १९४९ पासून आहे. महायुद्धानंतर देशोदेशीच्या लोकांनी एकमेकांच्या घरी राहावं, म्हणजे वैर कमी होईल, या विचारानं ती डेन्मार्कमध्ये सुरू झाली. तिथं आधी मुलाखत होते, मग ओळखपत्र मिळतं, आणि एका घरी साधारण दोन रात्री राहायची रीत आहे. ‘काउचसर्फिंग’ हे यजमान आणि पाहुण्यांना जोडून देणारं संकेतस्थळ २००४ पासून आहे, २०२० पासून ते वर्गणी घेतात. ‘बीवेलकम’ स्वयंसेवक चालवतात आणि ते फुकट आहे. शेतावर राहून कामात हात लावायचा असेल तर ‘वूफ’, ते १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं. सायकलवाल्यांसाठी ‘वॉर्मशॉवर्स’.

दुसरी वाट पैसे देऊन कुटुंबात राहण्याची. जॉर्जियात खेडोपाडी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या असतात, दोन वेळचं जेवण घरच्यांबरोबर. आम्ही पहिल्या तीन रात्री तिबिलिसी शहरात एका ग्रंथपाल बाईंकडं पाहुणे म्हणून राहिलो आणि नंतरचे सहा दिवस काखेती भागात तेलावीजवळच्या खेड्यात एका शेतकरी कुटुंबाकडं पैसे देऊन. पन्नाशी ओलांडलेल्यांनी पहिल्या खेपेला असंच मिसळून करावं, असं माझं मत आहे. पैसे दिलेले असले की मनावर ओझं राहत नाही.

परभणीहून निघायचं कसं?

देवगिरी एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई. लातूर-नांदेडच्या बऱ्याच लोकांना हैदराबाद सोयीचं पडतं. आम्ही आखातात एकदा विमान बदललं. मुंबईत विमानाच्या आधी एक पूर्ण दिवस हाती ठेवा, रेल्वेचा भरवसा धरू नका.

विमानतळावर काय विचारतात?

कुठं उतरणार, किती दिवस, परतीचं तिकीट कुठंय, पैसे किती आहेत, विमा आहे का. आपल्या पासपोर्टवाल्यांना जरा जास्तच विचारतात, आणि कागद अपुरे असलेल्यांना परत पाठवल्याच्या बातम्या येत असतात. ‘ओळखीच्या घरी राहणार’ एवढं उत्तर पुरत नाही. यजमान बाईंनी सही करून पाठवलेलं निमंत्रणाचं पत्र, त्यावर पत्ता आणि फोन, शिवाय काखेतीच्या घराचं आरक्षण, हे सगळं मी छापून नेलं होतं. मोबाइलवर दाखवीन म्हणू नका, नेमका तेव्हाच तो बंद पडतो. अधिकाऱ्यानं बाईंना फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि शिक्का मारला. म्हणून विमान उतरायच्या वेळी यजमानांनी फोन जवळ ठेवावा, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

व्हिसाचे नियम सारखे बदलतात. निघायच्या महिनाभर आधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

घरी राहिलं तर पोलिसांत नोंद करावी लागते का?

देशागणिक वेगळं. जॉर्जियात आम्हाला काही करावं लागलं नाही. उझबेकिस्तानात पाहुण्याची नोंदणी करावी लागते. घरी उतरलात तर ते यजमानांच्या हातून होतं, आणि त्याची पावती देश सोडेपर्यंत जपायची. व्हिएतनाममध्येही पाहुणा आल्याचं घरमालकानं पोलिसांना कळवायचं असतं. यजमानांना पहिल्याच पत्रात विचारा.

पहिल्या दिवशी पोचल्यावर कसं वागायचं?

इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण आमची चूक इथंच झाली.

आपल्याला पाहुणचार करता येतो. कुणीही दारात आलं तरी चहा टाकल्याशिवाय सोडत नाही, जेवायच्या वेळी आलं तर ताट वाढल्याशिवाय नाही. पण पाहुणचार घ्यायचं आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. माहेर सोडलं तर बाईच्या जातीला पाट मांडून बसायची सवयच नसते. तिबिलिसीत पोचलो त्या संध्याकाळी बाईंच्या ऐंशी वर्षांच्या आईनं टेबल भरून ठेवलं होतं. जेवण झालं आणि मी उठून सरळ बेसिनपाशी गेले, बाह्या सारल्या, भांडी घासायला लागले. आजी हातातली ताटली काढून घेतायत, मी परत घेतेय, असं दोन-तीनदा झालं. मला वाटलं त्या आग्रह करतायत. मग बघितलं तर त्यांचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी समजावून सांगितलं की पहिल्या रात्री पाहुण्यानं उठून काम करणं म्हणजे आमचं काही कमी पडलं असं आईला वाटलं.

मला माझी सासू आठवली. आमच्याकडं कुणी जेवून उठल्यावर स्वतःचं ताट उचललं की त्या म्हणायच्या, ‘राहू द्या, आमचे हात मोडले नाहीत.’ मी हेच कसं विसरले, कळत नाही.

तेव्हापासून आम्ही असं ठरवलं. पहिली रात्र बसायचं. देतील ते खायचं, दाखवतील तिथं झोपायचं, ‘नको नको’ एकदाच म्हणायचं. आपल्याकडं तीनदा नको म्हणायची आणि चौथ्यांदा घ्यायची रीत आहे, ती तिथं चालत नाही. एकदा नाही म्हटलं की काही घरांत खरंच नाही समजतात आणि मग तुम्ही उपाशी झोपता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तीन गोष्टी विचारून घ्यायच्या : आंघोळीला गरम पाणी कधी, घराची किल्ली आम्हाला देणार की वेळेत यायचं, आणि स्वयंपाकघरात मी कधी आलेलं चालेल. तिसऱ्या दिवसापासून आजींनी मला स्वतःहून अक्रोड सोलायला बसवलं.

पहिल्या दिवशी शहर बघायला धावू नका. वेळेचा फरक फारसा नाही, जॉर्जिया आपल्या दीड तास मागं आहे, पण दोन रात्रींचं जागरण अंगात असतं. शिवाय यजमानांनी त्या दिवशी तुमच्यासाठी सुट्टी काढलेली असते.

भेट काय न्यायची?

संभाजीनगरची हिमरू शाल किंवा स्टोल. वजनाला हलकी, घडी होते आणि तिच्यामागं सांगायला गोष्ट असते. आजींना दिलेली हिमरू त्या रोज संध्याकाळी खांद्यावर घ्यायच्या. खाण्यात शेंगदाण्याची चिक्की सगळ्यांना आवडली. दूध-तुपाचं आणि ताजी फळं नेऊ नका, सीमेवर अडचण येऊ शकते.

तिथं पोचून फुलं घेणार असाल तर विषम संख्येत घ्या, तीन, पाच, सात. जोडीच्या संख्येत फुलं मयताला नेतात. आम्हाला फुलवालीनंच सांगितलं म्हणून वाचलो.

शाकाहारी माणसाची उपासमार होते का?

जॉर्जियात नाही होत. उलट मला तिथलं जेवण मराठवाड्याच्या जवळचं वाटलं.

लोबिओ म्हणजे राजम्यासारख्या घेवड्याची दाट उसळ, मातीच्या भांड्यात, वर कोथिंबीर. कोथिंबिरीला ते किंदझी म्हणतात आणि आपल्यासारखीच मुठीनं घालतात. म्चादी म्हणजे मक्याची जाड भाकरी, हातावर थापून तव्यावर भाजलेली. आजिका म्हणजे मिरची, लसूण, मीठ वाटून केलेला ठेचा. पहिल्यांदा म्चादीवर आजिका आला तेव्हा यांनी डोळे मिटून घास खाल्ला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण भरतात, ते बद्रिजानी. पालक किंवा बिटात अक्रोड घालून फखाली करतात. आपण शेंगदाण्याचं कूट जिथं घालतो तिथं ते अक्रोड घालतात, एवढं लक्षात ठेवलं की निम्मा स्वयंपाक कळतो. उत्सखो सुनेली नावाचा मसाला मेथीच्याच कुळातला आहे, डबा उघडल्यावर वास ओळखीचा येतो. आणि भट्टीत, म्हणजे आपल्या तंदूरसारख्या मातीच्या ‘तोने’त, भाजलेल्या पावाला ते पुरी म्हणतात. पुरी देते म्हणाल्या आणि हातभर लांब होडीसारखा पाव आला!

सांभाळायचं एवढंच : ‘मांस नाही’ म्हटलं की कधी मासळी किंवा कोंबडी पुढं येते, आणि सूपचं पाणी हाडांचं असू शकतं. भाषेच्या दोन शब्दांनी काम होतं. ‘खोर्त्सिस गारेशे’ म्हणजे मांसाशिवाय. त्याहून उपयोगाचा शब्द ‘सामार्खवो’. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक वर्षातले बरेच दिवस उपास धरतात, ईस्टरच्या आधी तर कित्येक आठवडे. भाविक माणसं दर बुधवारी आणि शुक्रवारीही पाळतात. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी नाही. ते जेवण म्हणजे सामार्खवो. शहरातल्या खाणावळींतही असं मागता येतं.

यांच्या एकादशीचं कसं होणार ही मला मोठी काळजी होती. काखेतीतल्या आजींना मी हातवारे करून सांगितलं, आज हे जेवणार नाहीत, देवाचं आहे. त्या लगेच समजल्या. उपास म्हणजे काय हे त्या बाईला समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी उकडलेले बटाटे, अक्रोड आणि द्राक्षं आणून ठेवली.

माळकरी माणूस आणि तिथली वाइन, हे कसं जमलं?

जॉर्जियाची वाइन त्यांच्यासाठी निव्वळ दारू नाही. क्वेव्री नावाचा मातीचा मोठा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यात द्राक्षाचा रस मुरवतात. आपल्याकडं ज्वारीचं पेव असायचं, तसं घराघरांत वाइनचं पेव. या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. आम्ही पोचलो तेव्हा काखेतीत ऱ्त्वेली चालू होती, द्राक्षतोडणी. सगळं गाव मळ्यात.

तोडणीच्या संध्याकाळी मोठी पंगत बसते, तिला सुप्रा म्हणतात. पंगतीचा एक प्रमुख असतो, तमादा. तो उभा राहून एकेका गोष्टीसाठी बोलतो आणि मग सगळे पेला उचलतात : देवासाठी, गेलेल्या माणसांसाठी, लेकरांसाठी, पाहुण्यांसाठी. मधेच पेला उचलून पिणं बरं दिसत नाही, तमादाचं बोलणं होईपर्यंत थांबायचं.

आम्ही तिथं जायच्या आधीच घरमालकाला फोनवर सांगून ठेवलं होतं की यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, हे पिणार नाहीत, पण पंगतीला बसतील. ऐन पंगतीत सांगितलं असतं तर त्यांचा हिरमोड झाला असता. त्यांनी यांच्या पेल्यात त्याच दिवशी काढलेला ताजा द्राक्षरस भरला. गेलेल्या माणसांसाठी पेला उचलायची वेळ आली तेव्हा तमादानं यांना बोलायला सांगितलं. हे आपल्या वडिलांबद्दल मराठीत बोलले आणि मग एक अभंग म्हटला. भाषा कुणालाच कळली नाही, पण तीन म्हाताऱ्यांनी खालचा सूर धरून ठेवला. त्यांच्या गाण्याची रीतच ती आहे, दोघं वर गातात आणि बाकीचे खाली एकच सूर धरतात, आपल्या वीणेकऱ्यासारखा. मी ते विसरणार नाही.

भाषा येत नसली तर?

शहरात तरुण मुलांना इंग्रजी येतं, म्हाताऱ्यांना रशियन, खेड्यात फक्त जॉर्जियन. लिपी त्यांची स्वतःची, ३३ अक्षरांची. निघायच्या आधी मी दोन महिने रोज एक अक्षर गिरवलं. पाटी वाचता आली की बस चुकत नाही.

उच्चारात मराठी माणसाचं एक फार सोपं आहे. ‘चमचा’मधला च आणि ‘चार’मधला च, दोन्ही आपल्या जिभेवर आहेत आणि त्यांच्याकडंही हे दोन आवाज वेगळे आहेत. हिंदीवाल्यांना तिथं अडखळायला होतं.

पाठ करून जा : गामार्जोबा म्हणजे नमस्कार, मादलोबा म्हणजे आभारी आहे, आरा म्हणजे नाही, गेमरिएलिया म्हणजे चवदार आहे. आईला देदा म्हणतात आणि वडिलांना मामा! पहिल्या दिवशी नातवानं ‘मामा’ अशी हाक मारली आणि मी याचा मामा कुठं दिसतो म्हणून शोधत होते. आजीला बेबिया. काखेतीतल्या आजींना मी बेबियाच म्हणायचे, नावानं हाक मारणं जिवावर आलं असतं. भाषांतराचं अॅप आहेच, पण ते मधे आणलं की दोघं जण फोनकडं बघतात. आजींजवळ बसून घेवडा निवडताना आम्ही अॅपशिवाय तासन्‌तास बोललो.

बोलायचं तरी काय अनोळखी लोकांशी?

आपल्या गावाचं बोला. माझ्याजवळ वेरूळच्या कैलास लेण्याचे फोटो होते. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेलं देऊळ आहे हे कळल्यावर ग्रंथपाल बाईंनी वार्दझियाचे फोटो काढले, १२व्या शतकात तामार राणीच्या काळात डोंगरात कोरलेला मठ. १२८३ च्या भूकंपात डोंगराचा पुढचा भाग कोसळला आणि आतल्या खोल्या उघड्या पडल्या. दोन्ही देशांचे फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवून रात्री बारापर्यंत गप्पा झाल्या.

काखेतीत ‘इंडोएतिदान’, म्हणजे भारतातून आलो म्हटल्यावर बेबियांनी छातीवर क्रूस काढला आणि म्हणाल्या, ‘केतेवान’. ही काखेतीची राणी, १६२४ मध्ये शिराझला तिला हाल करून मारलं. तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणून ठेवलेला होता. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये तो सापडला आणि २०२१ मध्ये भारतानं तो जॉर्जियाला दिला. आपल्या देशाबद्दल त्या खेड्यातल्या आजीला हे ठाऊक होतं, आणि मला मात्र ते तिच्याकडून कळलं. जायच्या देशाचा इतिहास थोडा वाचून जा, फार उपयोग होतो.

संडास-बाथरूमचं कसं?

सगळ्या बायका हे हळू आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्यानं सांगते. पाणी नसतं, कागद असतो. छोटी प्लास्टिकची बाटली किंवा तांब्या सोबत न्या. बऱ्याच घरांत वापरलेला कागद भांड्यात टाकत नाहीत, शेजारच्या डब्यात टाकतात, नाहीतर पाइप तुंबतो. आधी विचारा. खेड्यात संडास परड्यात असू शकतो, रात्रीसाठी बॅटरी जवळ ठेवा. बाथरूमची जमीन कोरडी ठेवायची असते, बादलीनं आंघोळ करून सगळीकडं पाणी केलं तर ते खालच्या मजल्यावर गळतं.

पाण्यावरून एक आठवलं. काखेतीच्या घरी परड्यात नळ वाहत होता, दिवसभर. माझ्यानं बघवेना, मी जाता-येता बंद करायचे. शेवटी घरमालकानं विचारलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आहे, वाहतंच, म्हणाला. मग मी त्याला सांगितलं की २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. रेल्वेनं? त्यानं तीनदा विचारलं. संध्याकाळी त्यानं ते सगळ्या पंगतीला सांगितलं.

घरचं खायला काय न्यायचं?

धपाटे पहिल्या दोन दिवसांपुरते. शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, येसर, सुशीलासाठी थोडे मुरमुरे, चहापत्ती. तिकडं चहा बिनदुधाचा असतो आणि दूध घातलेला चहा त्यांना नवीन असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांची परवानगी घेऊन एक वेळ तुम्ही करून घाला. मी सुशीला केला, तिखट निम्मं घातलं. यजमानांच्या घरात रोज आपला वेगळा स्वयंपाक मात्र मांडू नका.

औषधं नेता येतात का?

बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट न्या. जॉर्जियाचे नियम कडक आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या आणि मनाच्या आजाराच्या काही गोळ्या यांवर तिथं बंदी किंवा नियंत्रण आहे. आपल्याकडं घराघरांत पडलेलं खोकल्याचं औषध तसंच पिशवीत टाकू नका, लेबल वाचा. तातडीच्या मदतीला तिथला नंबर ११२.

पैसे, मोबाइल, चार्जर?

युपीआयवर विसंबू नका. फॉरेक्स कार्ड आणि थोडे डॉलर. तिथलं चलन लारी, एका लारीला आमच्या वेळी तीस रुपयांच्या थोडं वर पडत होते. सिम शहरातल्या दुकानात पासपोर्ट दाखवून मिळतं. आपल्या मोबाइलची बारीक दोन पिनांची पिन तिथं बसते, जाड तीन पिनांची बसत नाही.

किती दिवस राहायचं? काही दिलं तर ते घेतील का?

फुकट पाहुणा म्हणून दोन-तीन रात्री, त्याहून जास्त नाही, त्यांनी थांबा म्हटलं तरी. निघायचा दिवस पोचल्याबरोबर सांगून टाका, म्हणजे त्यांना मोकळं वाटतं. पैसे पुढं करू नका. भाजी आणा, पाव आणा, एखादं बाहेरचं जेवण तुम्ही द्या. काखेतीत आम्ही पैसे देऊन राहिलो तरी तोडणीला दोन दिवस हात लावला, कारण अख्खं घर मळ्यात असताना खोलीत बसवेना. त्याची मजुरी मात्र घ्यायची नाही, पर्यटक व्हिसावर तो रोजगार ठरतो.

माझी मुलगी एकटी जाते म्हणतेय. जाऊ द्यावं का?

मी दोन मुलींची आई आहे, म्हणून गुळमुळीत उत्तर देणार नाही. जाऊ द्या, पण पहिल्या घरी कुटुंब किंवा बाई असलेलंच घर निवडू द्या. त्या घरी आधी राहून गेलेल्या बायकांनी काय लिहिलंय ते तिनं आणि तुम्ही, दोघींनी वाचा. एकट्या पुरुषाचं घर नको, कितीही चांगलं लिहिलेलं असलं तरी. पोचायची वेळ दिवसाची असावी. पहिली भेट स्टेशनवर किंवा चौकात, मग घरी. खोलीला आतून कडी आहे का ते आधी विचारायला लाजू नये. आणि जवळच्या एका हॉटेलचा पत्ता आणि एका रात्रीचे पैसे वेगळे ठेवावेत, म्हणजे रात्री बारा वाजताही उठून निघता येतं. तिला घरी सांगून ठेवा की तू निघून आलीस तर आम्ही ‘तरी सांगत होतो’ असं म्हणणार नाही. मुली त्या वाक्याच्या भीतीनं नको तिथं थांबतात.

पटलं नाही तर?

आम्हाला पुढं एका देशात एक घर असं लागलं. बोलण्यातून कळत गेलं की त्यांना पाहुणे नको होते, काही घरगुती भांडण चालू होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आभार मानले, आणलेली भेट दिली आणि निघालो. कारण विचारत बसलो नाही.

घरची आठवण येते का?

येते. मला चौथ्या दिवशी आली, दुपारी, घरात कुणी नसताना. रडून घेतलं. घरी रोज एकदा ठरलेल्या वेळी फोन करायचा, दिवसभर नाही. आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिथं आठ वाजलेले असतात, लेकरं जेवून बसलेली असतात, ती वेळ बरी.

ते आपल्याकडं राहायला आले तर?

येणारच आहेत. ग्रंथपाल बाई आणि त्यांचा भाऊ जानेवारीत येतायत, आजींना प्रवास झेपणार नाही. घरी परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात ती, नात्यातला असो की ओळखीचा. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत लागते. मी त्यासाठीची नोंदणी आताच करून ठेवली आहे. खालच्या खोलीत कमोड बसवून घेतला. शेतावर हुरड्याला नेणार आहे, आगटीची जागा यांनी ठरवून ठेवली आहे, आणि पहिल्या रात्री भांडी मी घासणार आहे, त्यांनी कितीही हात पुढं केले तरी.